संकरित जनावरांच्या ‘रक्ताची’ टक्केवारी: पार्श्वभूमी

‘६२.५ टक्के होल्स्टीन’ (परदेशी दुधाळ जात) ही भाषा जीनोमची, म्हणजे प्राण्याच्या संपूर्ण डीएनएची नव्हे, वंशावळीच्या वहीची. दर पिढीला निम्मे, मग त्याचे निम्मे. रक्तगट आणि १९९०च्या दशकातले मायक्रोसॅटेलाइट मार्कर (डीएनएतल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या खुणा) यांनी वासराचा नोंदलेला बाप खरा की खोटा हे कळू लागले, पण रक्ताचा हिस्सा नेमका सांगायला ते तोकडे होते.

२००७-०८च्या सुमारास गायींच्या सुमारे ५४,००० एसएनपी (डीएनएतले एकेका अक्षराचे फरक) एकदम वाचणारी चिप आली आणि वहीची गोची झाली. पहिल्या संकरात निम्मा हिशेब चोख बसतो. ती संकरित गाय पुन्हा होल्स्टीन वळूकडून भरवली, की वही प्रत्येक कालवडीपुढे ७५ लिहिते. चिप मात्र सख्ख्या बहिणींपैकी एकीला ७० आणि दुसरीला ८० देऊ शकते. गाईच्या ३० जोड्या गुणसूत्रांतले तुकडे आपसात अदलाबदल होऊन वासरात उतरतात. कोणते उतरतील ते नशिबावर. म्हणजे ७५ हा मोजलेला आकडा कधी नव्हताच, ती सरासरी होती.

गुंता झाला तो ‘संदर्भ जाती’ या शब्दाचा. संगणकाला आधी शुद्ध जातींचे नमुने दाखवायचे, मग तो संकरित प्राण्याचा जीनोम त्यांच्यात वाटून देतो. नमुन्यांत नसलेल्या जातीचा हिस्सा हवेत विरत नाही, जवळच्या दुसऱ्याच जातीच्या नावे चढतो. बेरीज १००च भरते, त्यामुळे चूक दिसतही नाही. त्यातून सुरुवातीच्या चिपवरचे मार्कर बहुतांशी युरोपीय जातींतून निवडलेले. म्हणून वशिंडाच्या गायींतले वैविध्य आहे त्यापेक्षा कमी भासे. वाद मात्र रंगले ते कोणते सॉफ्टवेअर बरे यावर. माझ्या मते तो दुय्यम प्रश्न होता.

‘शुद्ध’ कुणाला म्हणायचे हा झगडा तर त्याहून जुना. जातींच्या अनेक नोंदवह्या ७/८ किंवा १५/१६ रक्ताला शुद्ध मानत, कारण पिढ्यान्‌पिढ्या सुधारणा करणाऱ्याला कुठेतरी दार उघडावे लागे. पुढे संकरित गायींचेही जनुकीय मूल्यमापन सुरू झाल्यावर जातनिहाय टक्केवारी लागलीच, आणि तिथेही ठरावीक मर्यादेवरचा आकडा सरळ १०० धरण्याची सोय झाली. मोजमापातल्या किरकोळ चुका गाळायला ते ठीक. पण एखादी खापरपणजी जर्सी असेल, तर तिचा ६.२५ टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा (म्हणजे मुख्य जातीचे उरतात ९३.७५) नेमका याच सीमेवर लोंबकळतो.