सनपॅकच्या विमानाचं आयुष्य आणि ‘यूव्ही’चा घोळ : थोडी पार्श्वभूमी

सोलापुरात आरसी म्हणजे रिमोटवरची विमानं उडवणाऱ्या पोरांत दर उन्हाळ्यात एक वाद ठरलेला, कोरोचं म्हणजे सनपॅकसारख्या नळ्यांच्या प्लास्टिक शीटचं विमान टिकतं किती. एक म्हणतो जन्मभर, दुसरा म्हणतो दोन उन्हाळे काढले तरी खूप, आणि गंमत म्हणजे दोघंही खोटं बोलत नसतात. पहिला पडण्याबद्दल बोलतोय, दुसरा उन्हाबद्दल. हे दोन हिशोब एकाच शब्दात कसे मिसळले ते समजायला थोडं मागं जावं लागतं, फार मागं नाही.

या शीटचं प्लास्टिक म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ते १९५० च्या दशकातलं. त्याची नळ्या-नळ्यांची दुपदरी शीट जाहिरातीच्या बोर्डांसाठी जगभर चालायला लागली आणि १९९० च्या दशकाच्या शेवटी-शेवटी अमेरिकेतल्या काही हौशी लोकांनी त्याच शीटची विमानं करून प्लॅन फुकट वाटायला सुरुवात केली. नाव ठेवलं स्पॅड, म्हणजे सिम्पल प्लास्टिक एअरप्लेन डिझाइन. (पहिल्या महायुद्धात फ्रेंचांचं एक लढाऊ विमान याच नावाचं होतं, त्यामुळे नवीन पोरगं सर्च करतं आणि त्याला भलतंच काहीतरी सापडतं.) फ्युजलाजला म्हणजे धडाला पन्हाळीचा पीव्हीसी पाइप नाहीतर ॲल्युमिनियमचं चॅनल, विंगला ४ मिमी शीट, पुढं ४० साइझचं म्हणजे साधारण साडेसहा सीसीचं, मिथेनॉलवर चालणारं ग्लो इंजिन, वजन दोन किलोच्या आसपास किंवा वर. नेहमीच्या मॉडेल विमानांचं हलकं बाल्सा लाकूड तेल पितं, मिथेनॉल आणि एरंडेलाच्या मिश्रणानं त्याचे जोड सुटत जातात, या प्लास्टिकला त्यातलं काहीच बाधत नाही. जमिनीत नाक घुसलं तरी विंग सरळ करायची, झिप टाय बदलायचे आणि परत उडवायचं. ‘हे विमान मरत नाही’ ही ख्याती तिथली आहे, आणि ती पडण्याच्या बाबतीत खरीच आहे. फक्त त्या ख्यातीबरोबर सोलापूरचं ऊन आलेलं नव्हतं.

आपल्याकडं हे सगळं उशिरा पोचलं. बाल्सा महाग, मिळायचं ते पुण्या-मुंबईहून मागवून, आणि इथं नव्या पेठेत साइनबोर्डवाल्याकडं सनपॅक शीट हवी तेवढी. सनपॅक हे मुळात ब्रँडचं नाव, पण बोर्डाच्या धंद्यात नळ्यांच्या पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन शीटला सगळे सनपॅकच म्हणतात, जसं कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स. त्यातही पहिली ठेच म्हणजे सनबोर्ड. नावं सारखी, वस्तू वेगळी, सनबोर्ड हा फोमचा भरीव बोर्ड, त्याचं विमान पहिल्याच लँडिंगला दोन तुकड्यांत घरी येतं. मी स्वतः एकदा ५ मिमी सनबोर्ड घेऊन आलोय, त्यामुळे कुणाला हसत नाही.

पण खरा घोळ ‘यूव्ही’ या शब्दाचा, आणि यावर जरा जास्तच लिहिणार आहे कारण आमच्या निम्म्या विमानांचा जीव यानंच घेतला.

पॉलिप्रॉपिलीनचं दुखणं असं की उन्हातली अतिनील किरणं, म्हणजेच यूव्ही, आणि हवेतला ऑक्सिजन मिळून त्याच्या लांब साखळ्या तोडत जातात. साखळ्या आखूड झाल्या की लवचिकपणा जातो. वरून रंग पांढुरका पडतो, हात फिरवला तर बोटाला खडूसारखी पूड लागते. गरमीनं हे काम आणखी जोरात होतं, म्हणजे आपल्याकडचा एप्रिल-मे त्याला फारच मानवतो. त्यावर उपाय म्हणून शीट बनवतानाच प्लास्टिकच्या दाण्यात यूव्ही स्टॅबिलायझर मिसळतात. नंतर वरून लावायची ती वस्तू नाही, शीटच्या आतच असावी लागते. काळ्या शीटमधला कार्बन ब्लॅक हेच काम करतो म्हणून काळी जास्त टिकते, आणि पारदर्शक शीट सगळ्यात आधी जाते.

आता हे वाचून आलेला पोरगा दुकानात जाऊन विचारतो, “मालक, यूव्ही आहे का?” मालक म्हणतो, “यूव्हीच आहे की मालक, एक नंबर.” दोघंही खूश. पण बोर्डाच्या धंद्यात यूव्ही म्हणजे यूव्ही प्रिंट, म्हणजे शाई दिव्याखाली वाळवणारं मशीन. शीटच्या आत काय आहे याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. दुकानदार फसवत नव्हता, त्याला त्याच्या धंद्यातलं विचारलंय असं वाटायचं, त्यानं त्याच्या धंद्यातलं उत्तर दिलं. वर आणखी नावातच ‘सन’, त्यामुळे ही शीट उन्हासाठीच बनवलीय असं कित्येकांना मनापासून वाटायचं. जाड शाईखालची बाजू थोडी वाचते हे खरं आहे, पण मागची बाजू उघडीच, आणि विमान काय एका बाजूनं उडत नाही.

यातूनच मग बोर्डांचा वाद निघाला. निवडणूक झाली की खांबावरचे सनपॅकचे बोर्ड ढिगानं निघतात, आणि आमच्या ग्रुपमधल्या जुन्या लोकांची सगळी विमानं याच मालावर उडायची. फुकटची शीट, फुटलं विमान तर उद्या दुसरं. २०१९ नंतर ग्रुपनं ठरवलं की इंजिनचं विमान भंगार बोर्डाचं करायचं नाही, नवी शीटच घ्यायची. यावर जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. जुन्यांचं म्हणणं, पैसे नसलेल्या पोरांसाठीच ही विमानं होती आणि तुम्ही ती महाग केली. म्हणणं चुकीचं नाही. पण त्या वर्षी इथं लोकसभेचं मतदान १८ एप्रिलला होतं आणि विधानसभेचं २१ ऑक्टोबरला, आणि दोन्ही वेळचे बोर्ड शेजारी ठेवून कोपरा दुमडून बघितला तर वादाला काही शिल्लकच राहत नव्हतं. ऑक्टोबरच्या बोर्डाला घडीवर पांढरी रेघ आली, बस. एप्रिलचा बोर्ड गोळा केल्यावर पुढं महिनाभर गच्चीवरच पडून होता, तो कडक भाकरीसारखा कट्कन मोडला, त्यावरचे साहेब हात जोडलेलेच होते. तेव्हापासून आमच्याकडं ‘लोकसभेचा माल’ ही शिवी झाली. २०२४ ला लोकसभेचं मतदान ७ मेला आलं, तेव्हा तर विचारूच नका.

माझं मत उघड आहे, ग्रुपनं बरोबर केलं, आणि याचं कारण हिंज, म्हणजे बिजागरी. कोरोच्या विमानात एलिव्हेटर-आयलरॉनला, म्हणजे शेपटीच्या आणि विंगच्या हलणाऱ्या पट्ट्यांना, वेगळी बिजागरी नसते, शीटचा एक पदर नळीच्या कडेनं ब्लेडनं कापायचा आणि दुसऱ्या पदरावर पट्टी हलू द्यायची. पॉलिप्रॉपिलीनचा हा गुणच आहे, नवं असताना कितीही वेळा वाकवा, तुटत नाही, बाटलीच्या फ्लिप झाकणाला हाच जोड असतो. पण तिथं उरतो एकच पातळ पदर, तोही सतत उन्हात आणि सतत इंजिनच्या थरथरीत. म्हणजे विमानातली सगळ्यात भारी गोष्ट सगळ्यात आधी जाते, आणि जाते ती जमिनीवर नाही. आमच्या एकाचं विमान केगावच्या बाजूला लूपच्या तळाशी असताना एलिव्हेटर अर्धा फाटला, दोन किलोचा ऐवज ज्वारीच्या धसकटात सरळ खाली. विंगला ओरखडासुद्धा नाही! लोक म्हणाले बघा किती मजबूत आहे. अरे पण का पडलं ते बघा ना.

उन्हाचा दुसरा त्रास मरणाचा नाही, वाकण्याचा. या प्लास्टिकचं प्रसरण भरपूर, एक मीटरची विंग तापमान ३० डिग्रीनं वाढलं की ३ मिमीच्या वर लांब होते, आतला ॲल्युमिनियमचा स्पार म्हणजे आधाराची दांडी मात्र पाऊण मिमीपण नाही. दोन्ही टोकांना पक्कं चिकटवलं असेल तर विंग धनुष्य होते. म्हणून मधे पक्कं आणि टोकाला मोकळं ठेवायची पद्धत आली, ती आमच्याकडं दोन विंग वाकल्यावर आली. काळी शीट घ्या म्हणणाऱ्यांनी हे पण बघावं, ती टिकते जास्त पण दुपारी तापतेही तेवढीच, हॉट ग्लूचे जोड मऊ पडतात. चिकटवणं हा तर वेगळाच विषय, या शीटला गोंद धरतच नाही, पॉलिश पेपर मारा, ज्योत फिरवा, तरी शेवटी झिप टायच. पावसाळ्यात नळ्यांची तोंडं टेपनं बंद करायची असतात हे पण लिहून ठेवतो, कारण माझ्या एका विमानाच्या शेपटीतल्या नळ्यांत कुंभारीण माशीनं मातीची घरं केली होती आणि सीजी म्हणजे तोलाचा बिंदू का मागं सरकतोय हे शोधण्यात अख्खा रविवार गेला.

मधल्या काळात ब्रशलेस मोटर आणि लिपो बॅटरी स्वस्त झाली, लोक फोमकडं गेले. कोरो इलेक्ट्रिकला जडच पडतं, २ मिमी घेतली तरी. शिवाय २०२१ चे ड्रोन रूल्स आले, त्यात २ किलोपर्यंत मायक्रो आणि त्याच्या वर स्मॉल, म्हणजे इंजिनवाली बरीचशी कोरो विमानं रेघेच्या पलीकडं. त्यात होटगी रोडचं विमानतळ. २०२३ च्या जूनमध्ये विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली, २०२५ च्या जूनमध्ये प्रवासी विमानं सुरू झाली, आणि चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काही उडवायचं नाही, म्हणजे शहरातली जवळजवळ सगळी मैदानं गेली. याचा विमानाच्या आयुष्याशी संबंध काय, तर आहे. पूर्वी घराजवळ उडवायचो, विमान गच्चीवर नाहीतर गाडीच्या टपावर पडून असायचं. आता लांब जायचं तर पहाटे निघतो, नऊला परत, विमान चादरीत गुंडाळून माळ्यावर.

माझं २०१६ चं पांढरं विमान असंच माळ्यावर आहे. विंग पहिलीच, शेपूट तिसरी, एलिव्हेटरच्या हिंजवर आता कापडी टेप. उडवायच्या आधी शीटच्या कोपऱ्याची एक पट्टी दुमडून बघतो, कोपरा संपत आलाय.