पोहण्याचा पहिला धडा श्वासाचा

मुलाला पोहायच्या क्लासला घातलं की चार-पाच दिवसांतच तलावाच्या कडेला बसलेल्या पालकांची चुळबुळ सुरू होते. ‘अजून नुसते बुडबुडेच काढतोय, हातपाय मारायला कधी शिकवणार?’ उथळ बाजूला मुलं कठडा धरून रांगेत उभी असतात. तोंड पाण्यात घालायचं, फुर्रर्र करून हवा सोडायची, डोकं वर काढून श्वास घ्यायचा, की पुन्हा तोंड पाण्यात. पाहणाऱ्याला हा वेळकाढूपणा वाटतो. मला मात्र बुडबुडे उरकून टाकणाऱ्या प्रशिक्षकाची जास्त धास्ती वाटते. पोहण्यातलं सर्वांत अवघड काम त्या कठड्यापाशीच चाललेलं असतं.

आधी तरंगण्याचा हिशेब पाहू. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ असते. छाती भरून श्वास घेतला की आपण पाण्यापेक्षा किंचित हलके होतो; श्वास पूर्ण सोडला की बहुतेक जण किंचित जड. फरक इतका थोडा, की छाती भरलेली असतानाही शरीराचे शंभरातले जेमतेम दोन-तीन भाग पाण्याबाहेर राहू शकतात. वीस किलोचं मूल घेतलं तर हे झालं साधारण अर्धा लिटर. आणि त्याचं डोकंच असतं तीन लिटरच्या आसपास!

म्हणजे घाबरलेल्या मुलाने अख्खं डोकं पाण्याबाहेर ठेवायचं म्हटलं तर उरलेला सगळा भार हातपाय मारून उचलून धरावा लागतो. लहान मुलाला हे फार वेळ झेपत नाही. त्यात मदतीसाठी हात वर केले तर हातांचंही वजन डोक्यावर येतं आणि तोंड आणखी खाली जातं. पण तोच अर्धा लिटर नाक आणि तोंड बाहेर ठेवायला पुरतो. फक्त उताणं पडायला हवं, हनुवटी वर आणि कान पाण्यात. मुलांना नेमकं हेच नको असतं. कानात पाणी गेलं की ती मान उचलतात, मान उचलली की कंबर खाली जाते आणि पाय तळाकडे निघतात. फुप्फुसांतल्या हवेमुळे पाणी आपल्याला छातीपाशी वर उचलतं, तर शरीराचा गुरुत्वमध्य त्याहून खाली, बेंबीच्या आसपास असतो. म्हणून पाय बुडायला बघतात. दोन्ही हात डोक्यामागे लांब केले की गुरुत्वमध्य छातीकडे सरकतो आणि पाय थोडे वर येतात.

आता श्वास. पाण्यात उतरलेलं नवखं मूल गाल फुगवून हवा आत कोंडून ठेवतं. थोड्याच वेळात त्याला गुदमरल्यासारखं होतं. त्या वेळी रक्तात प्राणवायू पुरेसा असतो, साठलेला असतो तो कार्बन डायऑक्साइड. श्वास घ्यायची ओढ मुख्यतः त्याच्यामुळे लागते. मग तोंड बाहेर आल्यावर मिळणाऱ्या क्षणभरात आधी जुनी हवा सोडायची आणि मग नवी घ्यायची, अशी दोन कामं उरकावी लागतात. ती होत नाहीत. अर्धवट श्वास घेऊन मूल पुन्हा खाली जातं, धाप लागते, ठसका बसतो, भीती वाढते. बुडबुडे काढायची सवय झाली की हवा सोडण्याचं काम पाण्यातच उरकतं आणि बाहेर फक्त श्वास घ्यायचा उरतो. नाकातून हवा बाहेर येत असली की नाकात पाणीही शिरत नाही.

छातीभर पाण्यात उभं राहिल्यावर काही मुलं रडायला लागतात, त्यालाही कारण आहे. पाण्याचा दाब छातीवर बाहेरून पडत असतो, त्यामुळे श्वास आत घ्यायला जास्त जोर लावावा लागतो. मुलाला ते सांगता येत नाही. ‘घाबरट आहेस’ म्हणण्याऐवजी कमरेइतक्या पाण्यात परत आणावं, चार श्वास होऊ द्यावेत.

तान्ह्या बाळांना जन्मतःच पोहता येतं, असंही ऐकायला मिळतं. तसं नाही. तोंडावर पाणी आलं की बाळाची श्वासनलिका आपोआप बंद होते आणि हृदयाचे ठोके मंदावतात, एवढंच. डोकं वर उचलून श्वास घेणं या प्रतिक्षिप्त क्रियेत नसतं, आणि वाढत्या वयात तीही ओसरत जाते.

बुडणारं मूल ओरडेल, हात हलवेल, ही आपली समजूत तर फारच घातक आहे. फ्रँक पिया या अमेरिकी जीवरक्षकाने १९७० च्या दशकात प्रत्यक्ष बुडणाऱ्या माणसांचं चित्रीकरण करून निरीक्षणं मांडली. बुडणारा माणूस पाण्यात उभा असतो, हात दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतो, तोंड क्षणभर वर येतं आणि पुन्हा खाली जातं. आवाज काढायला आधी श्वास लागतो, आणि तोच मिळत नसतो. हे सगळं २० ते ६० सेकंदांत संपतं. कडेला बसून मोबाइल पाहणाऱ्याला काहीही ऐकू येत नाही. म्हणून जीवरक्षक हजर असला तरी लहान मुलाबरोबर हाताच्या अंतरावर मोठं माणूस हवंच. दंडाला बांधायचे फुगे मला याच कारणाने आवडत नाहीत. ते मुलाला पाण्यात उभं ठेवतात, म्हणजे बुडणाऱ्याचीच स्थिती अंगवळणी पाडतात, आणि ‘मला येतं’ असा खोटा विश्वास देतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली. त्यांतली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं होती. शिकवण्याने यात फरक पडतो का? अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पोहण्याचं रीतसर शिक्षण घेतलेल्या १ ते ४ वर्षांच्या मुलांमध्ये बुडण्याचा धोका ८८ टक्क्यांनी कमी आढळला. पण अभ्यासातली मुलं थोडी होती, त्यामुळे खरा आकडा ३ ते ९९ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतो, असंही त्यातल्या गणिताने दाखवलं. उपयोग होतो, पण शिकलेलं मूलही बुडू शकतं, असाच याचा अर्थ मी घेते.

तलावाबद्दल दोन-तीन गोष्टी. पाण्यातून येणारे प्रकाशकिरण वाकतात, त्यामुळे वरून सरळ पाहिलं तर चार फूट खोल पाणी तीन फुटांचं दिसतं. ‘इथे पाय टेकेल’ हा मुलाचा अंदाज चुकतो तो असा. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं आणि मुलांच्या वजनाच्या मानाने त्यांची त्वचा जास्त असते. त्यामुळे ती लवकर गारठतात. ओठ निळसर दिसले, दात वाजू लागले की बाहेर काढायचं, तास संपायची वाट बघायची नाही. आणि ज्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो, तो बहुतांशी क्लोरीन आणि घाम-लघवी यांच्या संयोगातून बनलेल्या क्लोरामाइनांचा असतो. डोळेही त्यांनीच चुरचुरतात. उग्र वास येणारा तलाव जास्त स्वच्छ नसतो, उलट असतो. उतरण्याआधी सगळ्यांनी साबण लावून अंघोळ केली तर हा त्रास बराच कमी होतो.

एक खेळ मात्र ताबडतोब थांबवावा: पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतं याची शर्यत. त्याआधी मुलं भराभर खोल श्वास घेतात. त्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वासाची ओढ उशिरा लागते, आणि ती लागण्याआधीच प्राणवायू संपून शुद्ध हरपू शकते.

मूल शिकलं की नाही, हे फेऱ्यांवरून ठरवू नये. अचानक पाण्यात पडल्यावर ते स्वतः वर येतं का, उताणं होऊन शांतपणे श्वास घेतं का, वळून कडेपर्यंत पोहोचतं का, शिडीशिवाय बाहेर निघतं का, हे बघावं. कालव्यांनी भरलेल्या नेदरलँड्समध्ये मुलांच्या पहिल्या पोहण्याच्या परीक्षेचा काही भाग अंगावर कपडे आणि पायात बूट घालून द्यावा लागतो, कारण कालव्यात पडणारं मूल पोहण्याच्या पोशाखात नसतं. आपल्या मुलाच्या प्रशिक्षकाला विचारा, अशी एखादी चाचणी ते उथळ बाजूला, स्वतः शेजारी उभं राहून घेतील का.