मैदानाच्या कडेला बसलेले मूल

कुपोषण म्हटले की हाडांचा सापळा झालेले शरीर डोळ्यांपुढे येते. पण बहुतेक वंचित मुलांची अर्धपोटी अवस्था इतकी ठळक नसते. बाकीची मुले धावत असताना एखादे मूल कडेला बसून राहते, हाक मारली तरी उठत नाही आणि मोठी माणसे ‘शांत स्वभावाचे आहे’ असे म्हणून मोकळी होतात. स्वभाव तसा असेलही. पण शरीराचा जमाखर्च आधी तपासायला हवा.

या जमाखर्चात मेंदू हा सर्वांत मोठा खातेदार आहे. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफर कुझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिले की, मेंदूची ग्लुकोजची मागणी पाचव्या वर्षाच्या सुमारास शिखरावर असते आणि विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे ६६ टक्के इतकी ती भरते. हृदय आणि श्वसन यांचा खर्च तर टाळताच येत नाही. त्यामुळे अन्न कमी पडू लागले की कात्री लागते ती हालचालीला आणि वाढीला. हालचाल कमी झालेले मूल वस्तू हाताळत नाही, प्रश्न विचारत नाही. खुरटलेल्या उंचीमुळे मोठी माणसेही त्याला वयापेक्षा लहान समजून वागवतात, म्हणजे त्याच्याशी कमी बोलतात. शिकण्याचे नुकसान असे शाळेच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते.

मग पोटभर अन्न दिले की प्रश्न सुटतो का? जमैकातील किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये बालविकासाच्या संशोधक सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी सुरू केलेल्या प्रयोगाचे उत्तर विचार करायला लावणारे आहे. वाढ खुरटलेल्या, ९ ते २४ महिने वयाच्या १२९ बालकांचे त्यांनी चार गट केले. एकाला दूधयुक्त पूरक आहार मिळाला, दुसऱ्याला खेळ, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला यांपैकी काहीच नाही. ‘खेळ’ म्हणजे काय, तर आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर घरी येई, साध्या, घरगुती खेळण्यांनी बाळाशी कसे खेळायचे, त्याच्याशी काय बोलायचे हे आईला करून दाखवी आणि पुढच्या आठवड्यापर्यंत खेळणी तिथेच ठेवून जाई. दोन वर्षांनंतर आहार आणि खेळ या दोहोंचा लाभ दिसला आणि दोन्ही मिळालेली बालके सर्वांत पुढे होती. पुढे आहाराचा परिणाम मात्र ओसरला आणि खेळाचा टिकला. बाविसाव्या वर्षी खेळ मिळालेल्यांची कमाई तो न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक होती.

यावरून अन्नाला दुय्यम ठरवणे घाईचे होईल. मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशातल्या खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात दिलेल्या पौष्टिक पेयाचा लाभ वयाच्या पहिल्या दोन वर्षांत ज्या मुलग्यांना मिळाला, त्यांचे प्रौढपणीचे ताशी वेतन सुमारे ४६ टक्क्यांनी जास्त आढळले. अन्न काय आहे याइतकेच ते कोणत्या वयात पोहोचते हेही महत्त्वाचे, असा माझ्या मते याचा अर्थ आहे. केवळ उष्मांक मोजूनही भागत नाही. लोह कमी असले तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते, शिवाय मज्जातंतूंमधून संदेश वेगाने जाऊ देणारे मायलिनचे आवरणही नीट तयार होत नाही. म्हणजे दमणारे पाय आणि भरकटणारे लक्ष यांमागचे कारण एकच असू शकते.

मोठ्या मुलांच्या बाबतीत खेळाचा लाभ अधिक थेट दिसतो. इलिनॉय विद्यापीठात २००९ साली नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वीस मिनिटे चालायला लावून नंतर चाचणी घेतली, तेव्हा लक्ष विचलित करणाऱ्या खुणांकडे दुर्लक्ष करून उत्तर देण्यात ती अधिक अचूक ठरली. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयोगटासाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटांचा मध्यम ते जोरकस व्यायाम सुचवते. पण उपाशी मुलाकडून तो करून घेणे म्हणजे आधीच तुटीत असलेल्या खात्यातून आणखी रक्कम काढणे होय. म्हणून ज्या क्रीडा उपक्रमात खाण्याची सोय नाही, तो कितीही उत्साहाने चालवला तरी मला अपुरा वाटतो.

प्रशिक्षकाच्या वहीत सहसा हजेरी आणि गुण असतात. त्यात आज कोण लवकर बसले, याचाही एक रकाना असावा. कारण ऊर्जा कमी पडू लागली की हालचाल मंदावते आणि वजनकाट्यावर तूट दिसायला पुष्कळदा त्यानंतर वेळ लागतो.