महिरप (वाड्यातील लाकूडकाम)

महिरप : दोन खांबांच्या मधल्या गाळ्यात, तुळईखाली बसवलेली पाकळीदार कमान. मराठा काळातल्या वाड्यांत ती बहुधा सागवानी असते. दिवाणखाना, ओसरी आणि देवघर या तिच्या मुख्य जागा. भिंतीतले कोनाडे, दिवळ्या यांनाही चुन्यात घडवलेली लहान महिरप आढळते.

दगडाची किंवा विटांची कमान वरचा भार पेलते. लाकडी महिरप काहीच पेलत नाही. तळखड्यावर (बुडाच्या दगडावर) खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या (आडवी बारीक लाकडे) आणि त्यांवर पाट म्हणजे फळ्या अशी वाड्याची बांधणी असते, आणि माळ्याचे वजन त्याच वाटेने जमिनीत उतरते. महिरप म्हणजे या सांगाड्यात बसवलेली कोरीव फळी. ती काढून घेतली तरी माळा जागचा हलत नाही. एवढ्यावरून तिला वरवरची सजावट ठरवणे मात्र अन्यायाचे आहे. महिरपी नसलेला दिवाणखाना नुसता खांबांचा सापळा दिसतो. खांब आणि तुळई यांचा काटकोन तिने झाकला की नजर खांबांवर न अडता एका गाळ्यातून पुढच्या गाळ्यात सरकते आणि मोजकी लांबी-रुंदी असलेली खोली दरबारी वाटू लागते.

पाकळीदार कमान आणि सुरूच्या झाडासारखा, बुडाशी फुगीर व वर निमुळता होत जाणारा खांब ही जोडी शाहजहानच्या काळातील मुघल वास्तूंत बहरली. दिल्लीच्या लाल किल्ल्यात (१६३८–४८) ती दगडात पाहायला मिळते. अठराव्या शतकात मराठ्यांचा उत्तरेशी संबंध वाढला, तशी ती इकडच्या वाड्यांत रुळली. इथल्या सुतारांनी दगडातले रूप सागवानात आणले आणि ते करताना अधिक नाजूक केले, कारण भार पेलायचा नसल्याने फळी हवी तेवढी पातळ ठेवता येत होती.

महिरपीच्या दोन बाजू सहसा वेगवेगळ्या कोरून मधोमध जुळवतात. पाकळ्या दोन्हीकडून चढत जातात आणि माथ्यावर टोकदार होऊन मिळतात. सांध्यावर फूल किंवा खाली लोंबणारे केळफूल बसवले की जोड दिसत नाही. कमानीच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत वेलबुट्टी असते. जवळ जाऊन पाहिल्यास चांगल्या कामात प्रत्येक पाकळीच्या कडेने बारीक गोलाईची पट्टी फिरलेली दिसते. दिव्याचा उजेड या पट्टीवर पडतो, तिच्या आतली खाच काळोखी राहते, आणि त्यामुळेच लांबूनही कमानीची रेघ स्पष्ट उठते.

पुण्यात १७८०च्या सुमारास बांधलेल्या नाना वाड्यातील दिवाणखान्यात सुरूचे खांब व महिरपी आजही आहेत. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला विश्रामबाग वाडा तर लाकडी कोरीवकामासाठीच ओळखला जातो. १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. शनिवारवाड्याचे महाल १८२८च्या आगीत जळाले. उरलेल्या जोत्यांवरून तिथल्या लाकूडकामाची कल्पना करणे अवघड आहे.

आग आणि वाळवी यांच्याखालोखाल महिरपीचे नुकसान ऑईलपेंटने केले आहे. एकावर एक हात चढत जातात, खाचा भरतात, आणि पाकळीची धार बोथट होते. असा रंग कोरीवकामाला धक्का न लावता उतरवणे हे फार सावकाशीचे काम आहे. वाडे पाडले जातात तेव्हा महिरपी जुन्या लाकडाच्या बाजारात सुट्या विकल्या जातात आणि आरशाची चौकट किंवा हॉटेलच्या भिंतीवरची शोभा होतात. फ्लॅटमधल्या देवघरासाठी यंत्राने कापलेल्या एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) महिरपीही मिळतात. त्यांत पाकळ्या असतात, पण बहुतेकदा कडेची गोलाई नसते.