बूट मेनूचे रूप आणि देवनागरीची अडचण

गोव्यातल्या एखाद्या शाळेच्या संगणक कक्षात एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स असतात. यंत्र सुरू होताना मुलांसमोर कोणती प्रणाली हवी याची यादी, म्हणजे बूट मेनू, येते ती इंग्रजीत. ती मराठीत किंवा कोंकणीत करावी असे शिक्षकाला वाटते आणि इथे गाडे अडते. (रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणीवाल्यांना हा त्रास नाही, हेही सांगून टाकू.) अडचणीचे मूळ बूट मेनूच्या इतिहासात आहे.

जुन्या पद्धतीच्या यंत्रात बायॉस, म्हणजे यंत्र सुरू होताच चालणारा मूळ प्रोग्राम, डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर वाचते. त्यातले ४४६ बाइट एवढीच प्रोग्रामची जागा. १९९२ च्या लिलोला, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, तिथून कारभार हाकायचा होता, त्यामुळे सुरुवातीला सजावटीचा प्रश्नच नव्हता. पडद्यावर एल, आय, एल, ओ ही चार अक्षरे एकेक करून उमटत आणि कुठल्या अक्षरावर गाडी थांबली त्यावरून बिघाड ओळखायचा. दोनच अक्षरे आली तर लिलोचा दुसरा टप्पा डिस्कवरून उचलला गेला, पण चालला नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलून लिलो पुन्हा चालवायला विसरले की यंत्र सुरूच होत नसे, कारण लिलोला फाइलचे नाव कळत नव्हते, फक्त डिस्कवरचा तिचा पत्ता माहीत असे.

ग्रब या पुढच्या बूट प्रोग्रामने हेच बदलले. एरिक बोलिनने १९९५ मध्ये तो ग्नू हर्ड या मुक्त प्रणालीसाठी लिहिला आणि १९९९ मध्ये तो ग्नू प्रकल्पात गेला. त्याला फाइलप्रणाली वाचता येत होती, म्हणजे चित्राची फाइलही वाचता येणे शक्य झाले. लिनक्सच्या काही वितरणांनी, म्हणजे तयार संचांनी, जुन्या ग्रबला जोड देऊन पार्श्वचित्र आणले: ६४० बाय ४८०, एक्सपीएम प्रकार, रंग फक्त १४. पडदा १६ रंगांचा; उरलेले दोन अक्षरांना आणि त्यांच्या मागच्या पट्टीला. गोव्याच्या किनाऱ्याचा सूर्यास्त १४ रंगांत बसवून पाहिला की गिलावा फुगल्यासारखा दिसतो.

पूर्ण रंगीत थीम ग्रब २ मध्ये आल्या. उबुंटू या वितरणाने ऑक्टोबर २००९ च्या ९.१० आवृत्तीपासून नव्या यंत्रांवर तोच ठेवला. पार्श्वचित्र पीएनजी, जेपेग किंवा टीजीए चालते. मात्र जेपेग 'प्रोग्रेसिव्ह' पद्धतीने साठवलेले असेल तर ते उघडत नाही आणि मागे काळा पडदा राहतो. चित्र बूट फोल्डरातच ठेवावे. कूटबद्ध होम विभागातले चित्र त्या क्षणी ग्रबला दिसत नाही.

सेटिंग बदलल्यावर अपडेट-ग्रब ही आज्ञा चालवावीच लागते. तिच्यातून तयार होणाऱ्या मुख्य फाइलमध्ये हाताने केलेले बदल पुढच्या कर्नलबरोबर पुसले जातात. आपल्या नोंदी '40_custom' या फाइलमध्ये घालाव्यात. ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या प्रणालीचा शोध मूळ सेटिंगमध्ये बंद असतो, त्यामुळे सजावट करताना विंडोज यादीतून गायब झाली तर दोष थीमचा नसतो. उबुंटूवर आणखी एक गंमत पावसाळ्यात दिसते: लाईट आली-गेली आणि यंत्र सुरू होता होताच बंद पडले, तर पुढच्या वेळी मेनू ठरवलेल्या वेळेऐवजी ३० सेकंद थांबतो.

आता देवनागरी. ग्रबचा फाँट पीएफ२ प्रकारचा, म्हणजे प्रत्येक युनिकोड चिन्हाला एक ठिपक्यांचे चित्र. ग्रब ही चित्रे ओळीने मांडतो. जोडाक्षर घडवणारे यंत्र त्याच्यापाशी नाही. 'मराठी' जमून जाते. 'विद्यार्थी' लिहिले की पहिली वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला पडते, द चा पाय मोडलेलाच राहतो आणि रफार वर चढत नाही. दुसरा फाँट घालून हे सुटत नाही.

म्हणून अक्षरे चित्रात काढायची. सगळी नावे पार्श्वचित्रावरच लिहिण्याचा मोह टाळावा, कारण एक नोंद वाढली की नावे आणि ओळी जुळत नाहीत. त्यापेक्षा प्रत्येक नोंदीला वेगळा 'क्लास', म्हणजे ओळखनाव, द्यावा, त्याच नावाची पीएनजी फाइल थीमच्या आयकॉन फोल्डरात ठेवावी, थीममध्ये आयकॉनची रुंदी ३०० आणि उंची ४८ अशी द्यावी आणि नोंदीच्या शीर्षकात फक्त एक मोकळी जागा ठेवावी. चित्रही त्याच मापाचे हवे, नाहीतर ते ताणले जाऊन मात्रा पुसट होतात.

सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलेच प्रोग्राम सुरू होऊ देणारी सोय, चालू असलेल्या यंत्रात हाच मार्ग अधिक सोयीचा. २०२२ मध्ये ग्रबच्या फाँट वाचणाऱ्या भागात सुरक्षेची भोके सापडली आणि त्यानंतर अनेक वितरणांनी बाहेरचे, सही नसलेले फाँट नाकारायला सुरुवात केली. पूर्वी नीट चालणारी थीम अपडेटनंतर एकाएकी वेगळ्याच अक्षरांत दिसू लागली, तर आधी सिक्युअर बूट चालू आहे का ते पाहावे. फाँटची फाइल पुन्हा पुन्हा बनवण्यात संध्याकाळ घालवू नये.