दोन प्लास्टिक लेझरनं जोडायचीत? मोल्ड कापायच्या आधी एकदा हे वाचा

आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच कस्टमरचा मोल्ड (पार्ट पाडायचा साचा) आधीच झालेला असतो, पार्ट पाडून झालेले असतात, अल्ट्रासॉनिकवर (थरथरवून जोडायच्या मशीनवर) आतला पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड हलतोय नाहीतर अ‍ॅडेसिव्ह दोन महिन्यात सुटतंय म्हणून मग लेझर आठवतो. येऊ नका असं नाही म्हणत, या, पण त्या वेळी हातात फार काही उरलेलं नसतं कारण लेझर वेल्डिंगमधलं निम्म्याहून जास्त काम मशीनवर होतच नाही, ते दाणा (कच्चं प्लास्टिक) आणि कलर ठरवताना होऊन गेलेलं असतं. म्हणून हे माहितीपत्रक.

आधी काम कसं चालतं ते. वरचा पार्ट लेझरला आरपार जाऊ देणारा लागतो आणि खालचा लेझर शोषून घेणारा. दोन्ही पार्ट एकमेकांवर दाबून धरायचे, वरून ९८० नॅनोमीटरच्या आसपासचा डायोड लेझर मारायचा, तो वरच्यातून निघून जातो आणि खालच्याच्या पृष्ठभागावर शोषला जाऊन त्याची उष्णता होते, तिथलं प्लास्टिक वितळतं, ती उष्णता वरच्या पार्टला लागून तोही वितळतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. म्हणजे वितळणं सगळं आत होतं, बाहेरून काही दिसत नाही, फ्लॅश (कडेनं बाहेर आलेलं प्लास्टिक) नाही, भुसा नाही, आणि आत सेन्सर असेल तर त्याला हादरा बसत नाही. अल्ट्रासॉनिकमध्ये पार्ट सेकंदाला साधारण २० हजार वेळा थरथरतो, तिथे बारीक सोल्डर जॉइंटचं काय होत असेल विचार करा.

खालच्या पार्टमध्ये शोषणारं काय असतं? बहुतेक वेळा साधा कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी काळी पूड, तोसुद्धा अर्धा टक्का किंवा त्याहून कमी. जास्त घातला की जॉइंट मजबूत होईल असं टूलरूममध्ये बरेचजण धरून चालतात, होतं उलटं, सगळी उष्णता अगदी वरच्या थरात अडकते आणि प्लास्टिक वितळायच्या ऐवजी जळतं.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, "आम्हाला दोन्ही पार्ट काळेच पाहिजेत, मग?" होतं की. वरच्या पार्टला कार्बन ब्लॅक नाही वापरायचा, इन्फ्रारेड जाऊ देणारा काळा डाय असलेला मास्टरबॅच (दाण्यात मिसळायचा रंगाचा दाणा) वापरायचा. डोळ्याला दोन्ही पार्ट सारखेच काळे, लेझरला मात्र वरचा जवळजवळ काचेसारखा. गाडीच्या सेन्सरची, ईसीयूची (इंजिन वगैरे चालवणाऱ्या कंट्रोल युनिटची) काळी डबी कुठून जोडलीय ते कळत नाही ना, त्यातल्या बऱ्याच अशाच केलेल्या असतात. गडबड इथेच होते, मोल्डर स्वस्तात मिळाला म्हणून मास्टरबॅच बदलतो, पार्ट हुबेहूब तसाच दिसतो, माल आल्यावरच्या तपासणीत (इनकमिंगला) पास होतो आणि आमच्या मशीनवर वरूनच करपतो. म्हणून आम्ही लॉट आला की आधी वरच्या पार्टचं ट्रान्समिशन, म्हणजे किती टक्के लेझर आरपार जातो ते मोजतो. १५-२० टक्क्यांच्या खाली गेलं की त्रास सुरू. पांढरा पार्ट असेल तर आधीच सांगा कारण पांढऱ्या रंगातला टायटॅनियम डायऑक्साइड लेझर सगळीकडे उधळतो, पांढऱ्यावर पांढरं हे सगळ्यात किचकट काम.

पारदर्शकावर पारदर्शक जोडायचं असेल, म्हणजे मेडिकलची कनेक्टर ट्यूब वगैरे, आणि काळा रंग चालणारच नसेल, तर २ मायक्रॉनच्या आसपासचा थुलियम फायबर लेझर लागतो. त्या वेव्हलेंथला बरीच प्लास्टिकं स्वतःच थोडं थोडं शोषतात त्यामुळे काही मिसळायची गरज नाही, पण सेटिंगला जागा कमी असते, पार्टची जाडी जरा इकडेतिकडे झाली की रिझल्ट बदलतो.

कोणतं कोणाला चिकटतं? एकाच जातीचं एकाच जातीला सहसा चिकटतं, पीपी-पीपी (पॉलिप्रॉपिलीन), नायलॉन-नायलॉन. वेगवेगळ्यात एबीएस आणि अ‍ॅक्रिलिक मस्त जमतं, टेललॅम्पची लाल लेन्स आणि मागचं हाउसिंग हीच जोडी. पॉलिकार्बोनेट आणि एबीएसही जमतं. पीपी आणि नायलॉन नाही जमत. पीपी १६५ डिग्रीच्या आसपास वितळतं, नायलॉन ६ ला २२० लागतात, आणि दोघांचं केमिस्ट्रीमध्येही पटत नाही, वितळून शेजारी बसतील पण गार झाले की नखानं निघतील. यावर पॉवर वाढवा हा उपाय नाही, कृपया तसं सांगू नका.

ग्लास भरलेल्या (काचेचे तंतू मिसळलेल्या) ग्रेडबद्दल वेगळं सांगायला लागेल. ३० टक्के ग्लासवालं पीबीटी (एक प्रकारचं पॉलिएस्टर प्लास्टिक) हे कनेक्टरवाल्यांचं लाडकं मटेरियल, पण पीबीटी आधीच लेझर आरपार जाऊ द्यायला कंजूष आणि वरून काचेचे तंतू बीम विखुरतात. वरचा पार्ट जोडावर जितका पातळ ठेवाल तितकं बरं, दीड मिलिमीटरमध्ये आरामात होणारं काम तीन मिलिमीटरला अडतं. शिवाय गेटजवळचं (मोल्डमध्ये प्लास्टिक शिरतं तिथलं) आणि टोकाचं ट्रान्समिशन सारखं नसतं, त्यामुळे एकाच पार्टवर एका बाजूला वेल्ड छान आणि दुसऱ्या बाजूला कच्चं असं होतं. गेट कुठे आहे ते आम्ही ड्रॉइंगवर विचारतो ते यासाठी, उगाच नाही.

दाबून धरणं हा दुसरा अर्धा भाग. दोन पार्टमध्ये फट असेल तर उष्णता पलीकडे जातच नाही, ०.१ मिलिमीटरसुद्धा पुष्कळ झाली. वॉरपेज असलेला, म्हणजे वाकलेला पार्ट फिक्श्चरनं (पार्ट धरून दाबणाऱ्या साधनानं) थोडा सरळ करता येतो, फार नाही. त्यातल्या त्यात सोपं जावं म्हणून आम्ही आरसे वापरून बीम वेल्डच्या पूर्ण रेषेवरून पुन्हा पुन्हा झपाट्यानं फिरवतो, त्यामुळे सगळी रेषा जवळजवळ एकदमच मऊ होते आणि पार्ट खाली बसतो, किती बसला ते मशीन मोजतं. ठरलेल्याइतका बसला की जॉब पास. यासाठी मोल्डमध्ये एक छोटी रिब (उभी पट्टी) ठेवावी लागते जी वितळून खाली बसेल, आणि ती मोल्ड झाल्यावर आठवून उपयोग नाही.

धातूला प्लास्टिक जोडायचं काम आता बरंच येतंय. इथे वितळून मिसळणं शक्य नाही त्यामुळे पद्धत वेगळी: आधी पल्स्ड फायबर लेझरनं अ‍ॅल्युमिनियमवर किंवा स्टीलवर बारीक खाचा पाडायच्या, मग धातू गरम करून प्लास्टिक त्यावर दाबायचं, ते वितळून खाचांमध्ये शिरतं आणि गार झाल्यावर अडकून बसतं. अ‍ॅडेसिव्ह नाही, स्क्रू नाही. पण प्रसरणाचा हिशोब आधी करा. १०० मिलिमीटर लांबीचा पार्ट १०० डिग्रीनं तापला तर अ‍ॅल्युमिनियम साधारण ०.२३ मिलिमीटर वाढतं आणि साधं नायलॉन ०.८ च्या आसपास, म्हणजे इंजिनजवळ रोज हे दोघं एकमेकांशी भांडणार. ग्लासवालं नायलॉन घेतलं तर फ्लोच्या (मोल्डमध्ये प्लास्टिक वाहिलं त्या) दिशेनं अ‍ॅल्युमिनियमच्या बरंच जवळ येतं, आडव्या दिशेनं नाही. लांब पट्टी असेल तर आम्ही स्पष्ट नाही म्हणतो किंवा जोड तुकड्यांत करायला सांगतो.

कटिंगसाठी आमच्याकडे सीओटू लेझर आहे, १०.६ मायक्रॉनचा, तो प्लास्टिकच्या वरच्या थरातच शोषला जातो म्हणून असल्या वेल्डिंगला नाही पण शीट कापायला उत्तम. (या लेझरचा शोध लावणारे कुमार पटेल बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले, १९६४ साली अमेरिकेत बेल लॅब्समध्ये त्यांनी तो बनवला, हे आपल्याकडे फार जणांना माहीत नसतं.) अ‍ॅक्रिलिक आणा, कडा काचेसारख्या निघतील. पीव्हीसी मात्र आणू नका, आम्ही कापत नाही. त्यातून हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा वायू निघतो, माणसाच्या छातीला वाईट आणि मशीनला गंज.

नायलॉनचे पार्ट पाठवताना सीलबंद पिशवीत पाठवा. पावसाळ्यात उघड्या क्रेटमध्ये चार दिवस पडलेलं नायलॉन पाणी पितं आणि वेल्डमध्ये बुडबुडे येतात, मग आम्हाला ओव्हनमध्ये सुकवत बसावं लागतं आणि ते बिलात येतं. मोल्डरला सांगा सिलिकॉन स्प्रे मारू नको. वरच्या पार्टवर तेलकट बोट किंवा धुळीचा कण राहिला तर बीम तिथेच शोषला जातो आणि बारीक काळा डाग पडतो, दिसणाऱ्या बाजूला असेल तर पार्ट रिजेक्ट.

एन्क्वायरी पाठवताना एवढं द्या: दोन्ही पार्टची ३डी फाइल, दाण्याचा ग्रेड आणि मास्टरबॅचचं नाव (नुसतं "काळं नायलॉन" नको), ग्लास किती टक्के, रिग्राइंड (दळून परत वापरलेलं प्लास्टिक) वापरता का, जोडाला किती प्रेशर सोसायचंय, लीक टेस्ट हवी का आणि पार्ट गाडीत किंवा मशीनमध्ये किती तापणार. मोल्ड झालेला नसेल तर त्याच ग्रेडच्या सपाट पट्ट्या पाडून द्या, त्यावर ट्रायल घेतो, काही तोडून बघतो, एक-दोन आडव्या कापून मायक्रोस्कोपखाली वितळलेला थर बघतो आणि फोटोसकट रिपोर्ट देतो. पट्ट्यांवर जमलं नाही तर तसं लेखी कळवतो, फिक्श्चरचे पैसे लावत नाही.