कोस मिनार

मोगल काळात उत्तर हिंदुस्थानातील राजमार्गांवर दर कोसाला एक याप्रमाणे बांधलेले विटांचे भरीव मनोरे. ‘कोस’ हा शब्द संस्कृत ‘क्रोश’वरून आला. क्रोश म्हणजे आरोळी. ती जिथवर ऐकू जाईल तेवढे अंतर, ही त्यामागची मूळ कल्पना. ‘दर बारा कोसांवर भाषा बदलते’ यातला कोस तो हाच. प्रांताप्रांतात त्याची लांबी वेगळी असे. अकबराच्या काळी तो ५००० इलाही गजांचा (इलाही गज हे अकबराने ठरवलेले लांबीचे माप), म्हणजे सुमारे चार किलोमीटरचा ठरला.

वाटेवर खुणा उभारण्याची चाल आपल्याकडे त्याहून फार जुनी आहे. मौर्यांचे अधिकारी दर दहा स्टेडियांवर (स्टेडिया हे ग्रीकांचे अंतराचे माप) खांब रोवून फाटे व अंतरे दाखवीत, असे ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोने नोंदवले आहे. कोस मिनारांचे श्रेय पुष्कळदा शेरशाह सूराला दिले जाते. त्याने रस्ते आणि सराया बांधल्या हे खरे. पण मिनारांचे स्पष्ट उल्लेख मिळतात ते मोगलांच्या दप्तरी. आग्रा ते अजमेर वाटेवर अकबराने मिनार उभारवले. याच वाटेने १५७० मध्ये तो दर्ग्याच्या दर्शनाला पायी गेला होता. १६१९ मध्ये जहांगीरने आग्रा ते लाहोर मार्गावर दर कोसाला मिनार आणि दर तीन कोसांवर विहीर बांधण्याचा हुकूम दिला.

मिनार साधारण तीस फूट उंच. खालचा भाग अष्टकोनी, वरचा गोल आणि निमुळता. बांधणी पातळ लाखोरी विटांची, वर चुन्याचा गिलावा. गिलावा जिथे गळाला आहे तिथे बोटभर जाडीच्या विटा आणि त्यांच्यामधले चुन्याचे जाड सांधे उघडे दिसतात. आत जिना नाही, आणि मैलाच्या दगडासारखा त्यावर आकडाही नाही. सह्याद्रीत वाटसरूला कडे-सुळके खुणेला पुरतात. यमुनेकाठच्या सपाट मैदानात उभ्या पिकापलीकडे काही दिसत नाही. तिथे ही उंचीच वाट सांगे. मिनार वाचायचा नसून लांबून हेरायचा होता, हे त्याचे खरे मर्म आहे.

आज सर्वाधिक मिनार हरियाणात उरले आहेत, काही पाकिस्तानात लाहोरच्या परिसरात. सोनिपत, पानिपत, कर्नाल हा मिनारांचा पट्टा मराठी माणसाला परका नाही: ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुऱ्याच्या किल्ल्यावर निघालेली भाऊसाहेबांची फौज दिल्लीहून याच भागातून वर गेली. नवे महामार्ग बाजूने निघाल्यामुळे अनेक मिनार आता शेतांत किंवा वस्तीत अडकले आहेत. पण लागोपाठचे दोन मिनार नकाशावर जोडले की जुन्या सडकेची रेघ उमटते, म्हणून एकेक मिनार जपायला हवा. दिल्लीतला एक प्राणिसंग्रहालयाच्या आवारात उभा आहे. बरेचसे लोक पिंजऱ्यांकडे जाताना त्याच्याजवळून न थांबता पुढे जातात.